हिरडी मोजल्याशिवाय कवळीचा निर्णय घेऊ नका

एका वाचक भगिनींनी आपल्या आईविषयी विचारले आहे. आईंचे वय ५४ आहे, त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे आणि शेवटच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.९ टक्के आले. लग्नाच्या आधीपासून त्या दिवसातून दोन-तीन वेळा मिश्री लावतात. काही वर्षांपूर्वी दात घासताना रक्त यायचे, ते आपोआप थांबले. आता मात्र खालचे पुढचे दात हलू लागले आहेत, वरच्या पटाशीच्या दातांत फट पडली आहे आणि तोंडाला वास येतो. दुखत मात्र काहीच नाही. एका दवाखान्यात दात साफ करून घ्यायला सांगितले, तर शेजारणीने बजावले की साफ केल्यावर उरलेले दातही हलायला लागतात. दुसऱ्या ठिकाणी सगळे दात काढून कवळी बसवण्याचा सल्ला मिळाला. आता काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

गेली २६ वर्षे मी केवळ हिरड्यांच्या आजारांवर उपचार करत आले आहे आणि हाच प्रश्न, थोड्याफार फरकाने, जवळजवळ दर आठवड्याला माझ्यासमोर येतो. थोडक्यात उत्तर आधी देते. आज कवळीचा निर्णय घेऊ नका आणि दात साफ करण्याला घाबरूही नका. पण या दोन्हींच्या आधी आईंच्या प्रत्येक दाताभोवतीची हिरडी मोजून घ्या. ती मोजलेली नसेल, तर तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले अपुऱ्या माहितीवर दिलेले आहेत.

मोजायचे काय, हे समजण्यासाठी हिरडीची रचना लक्षात घ्यावी लागेल. सदऱ्याची कॉलर मानेला टेकलेली असते, पण मानेला शिवलेली नसते. हिरडीची वरची कड दाताला तशीच टेकलेली असते. कड आणि दात यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी हिरडीत ती साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. त्या खाचेच्या तळापासून खाली मात्र हिरडी दाताला खरोखर जोडलेली असते, आणि त्याहून खाली दाताचे मूळ बारीक तंतूंनी जबड्याच्या हाडाला बांधलेले असते. दात पक्का असतो तो या तंतूंमुळे आणि हाडामुळे. हिरडी ही त्यांच्यावरचे पांघरूण आहे.

दात घासून झाल्यावर काही तासांतच त्यावर जीवाणूंचा एक चिकट, पिवळसर पांढरा थर बसू लागतो. नखाने खरवडला तर तो नखाखाली येतो. हा थर म्हणजे अन्नाचे कण नव्हेत, त्यामुळे चूळ भरून तो जात नाही. तो घासूनच काढावा लागतो. राहिला तर लाळेतले क्षार त्यात मुरून एक-दोन दिवसांतच तो कडक व्हायला सुरुवात होते, आणि त्याचे कीटण बनते. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला कीटण सर्वांत जास्त साचते, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडे तिथे उघडतात. कीटण स्वतः दगडासारखे निर्जीव असते. त्याचा खरा दोष असा, की त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जिवंत थराला कायमचे घर मिळते आणि तिथे ब्रश काही करू शकत नाही.

१९६५ मध्ये डेन्मार्कमधील आरहूस येथे दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, पण या शास्त्राची दिशा बदलणारा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण थांबवले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. यातून दोन गोष्टी ठरल्या. हिरडीची सूज त्या थरामुळेच येते, उष्णतेमुळे किंवा पोट बिघडल्यामुळे नव्हे. आणि आजार हिरडीपुरताच असेल तोवर तो पूर्ण बरा होतो.

पुढची पायरी अशी सहज मागे घेता येत नाही. सूज महिनोन्महिने, वर्षानुवर्षे राहिली की काहींच्या बाबतीत ती हाडाकडे सरकते. हाड जीवाणू कुरतडतात, असा समज आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक नुकसान शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून होते. सततच्या सुजेमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि हाड जणू त्या जंतूंपासून माघार घेते. हिरडीची जोड तुटत खाली जाते, खाच खोल होत तिचा खिसा बनतो, आणि खिसा जितका खोल, तितके त्यात प्राणवायूविना वाढणारे, अधिक घातक जीवाणू टिकतात. यालाच आपल्याकडे पायरिया म्हणतात. गेलेले हाड आपणहून परत येत नाही. उपचाराचे पहिले उद्दिष्ट उरलेले हाड वाचवणे हे असते, ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली पाहिजे.

हा आजार सर्वांमध्ये सारख्या वेगाने वाढत नाही. लो यांनीच श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० पुरुष मजुरांची १९७० पासून १५ वर्षे पाहणी केली. या मजुरांना दातांचे उपचार मिळत नव्हते आणि दात घासण्याची सवयही नव्हती. थर आणि कीटण जवळपास सर्वांच्याच दातांवर होते. तरीही सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. ‘आमच्या आजोबांनी जन्मभर राखुंडीने दात घासले आणि ते दात घेऊनच गेले’ असे रुग्ण सांगतात तेव्हा मी ते खोटे मानत नाही. आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. आपण कोणत्या गटात आहोत, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे वाचून मला सर्वांत जास्त काळजी वाटली: रक्त यायचे, ते आपोआप थांबले. निरोगी हिरडीतून रक्त येत नाही, हे खरे आहे. पण रक्त थांबले म्हणजे हिरडी निरोगी झाली, हे तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाबतीत खरे नाही. तंबाखूमुळे हिरडीतील बारीक रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद मंदावतो आणि हिरडीचा वरचा थर जाड होतो. सूज आतल्या आत चालू राहते, हाड झिजत राहते, आणि ज्या रक्ताने माणसाला सावध करायचे तेच दिसेनासे होते. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. आईंच्या हिरड्या बोलायच्या थांबल्या आहेत, असे मी म्हणेन.

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण पटले ते एका चुकीमुळे. नुकता दवाखाना सुरू केला होता तेव्हा चाळिशीतले एक बसचालक आले होते. बिडीची सवय, दातांवर काळे डाग, पण हिरड्या घट्ट दिसत होत्या आणि कुठे रक्ताचा टिपूस नव्हता. मी वरवरचे डाग आणि कीटण काढून त्यांना परत पाठवले; हिरडी मोजली नाही. दोन-अडीच वर्षांनी ते आले ते वरची दाढ बोटाने हलवून दाखवत. त्या दिवशी मोजले तर त्या दाढेभोवती ८ मिलिमीटरचे खिसे होते आणि शेजारच्या दाढेभोवती ६ आणि ७. ते खिसे दोन वर्षांत तयार झालेले नव्हते. पहिल्या भेटीतही ते तिथेच असणार, फक्त मी पाहिले नव्हते. त्यानंतर मी एकही प्रौढ रुग्ण न मोजता सोडलेला नाही.

नुसत्या दिसण्यावर विसंबून न राहण्याचे आणखी एक कारण आपल्या त्वचेच्या रंगात आहे. पुस्तकांतल्या चित्रांत निरोगी हिरडी गुलाबी आणि आजारी हिरडी लाल दाखवलेली असते. आपल्याकडे असंख्य लोकांच्या हिरड्या जन्मतः तपकिरी किंवा काळसर असतात. तो रंग आजाराचा नाही, आणि तो घालवण्यासाठी काही करायची गरजही नाही. पण अशा हिरडीत लाली लपून जाते. तेव्हा रंगापेक्षा पोत पाहावा. निरोगी हिरडी संत्र्याच्या सालीसारखी बारीक ठिपकेदार आणि घट्ट असते, दोन दातांमधले तिचे टोक निमुळते असते. सुजलेली हिरडी तकतकीत, गुळगुळीत आणि कडेला फुगीर दिसते. आरशासमोर उभे राहून खालचा ओठ खाली ओढला तर हा फरक घरीही दिसतो.

मोजण्याची पद्धत साधी आहे. प्रोब नावाची, बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली एक सडपातळ सळई हिरडी आणि दात यांच्यामधून हलक्या हाताने खाली सरकवायची. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, तीन बाहेरून आणि तीन आतून, असे मोजतात. मी आकडे मोठ्याने सांगते आणि सहायक ते तक्त्यावर लिहून घेते: तीन, दोन, तीन, तीन, दोन, पाच, सहा, चार, सात. रुग्ण ते ऐकत असतो, आणि आकडे वाढू लागले की माझ्या सांगण्याआधीच त्याच्या लक्षात येते. ३ पर्यंतचा आकडा चांगला. ४ आणि ५ म्हणजे उपचार हवा. ६ आणि त्यापुढे म्हणजे आजार खोलवर गेला आहे. प्रोब काढल्यावर अर्ध्या मिनिटात जिथे रक्ताचा थेंब येतो, तिथे खूण करतात. सुजलेल्या जागी थोडे टोचल्यासारखे होते; एरवी ही तपासणी सुसह्य असते आणि पंधरा-वीस मिनिटांत आटोपते.

एक बारकावा विशेषतः मिश्री लावणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले असेल, तर खिशाची खोली फसवी ठरते, कारण ती हिरडीच्या कडेपासून मोजली जाते आणि इथे कडच खाली गेलेली असते. समजा, खोली ३ मिलिमीटर आहे, पण हिरडी दाताच्या मानेपासून, म्हणजे दाताचा दिसणारा भाग आणि मूळ जिथे मिळतात तिथून, ४ मिलिमीटर खाली उतरली आहे; तर त्या जागी दाताचा एकूण आधार ७ मिलिमीटरने गेला आहे. मिश्री बोटाने रोज त्याच त्या जागी चोळली जाते, तिथे हिरडी अशी उतरलेली अनेकदा दिसते. म्हणून दोन्ही मापे लिहून घ्यावीत.

मापांच्या जोडीला एक्स-रे लागतो. निरोगी जबड्यात हाडाची कड दाताच्या मानेपासून १ ते २ मिलिमीटर खाली असते. ती किती उतरली आहे, सगळीकडे सारखी उतरली आहे की एखाद्या मुळालगत खड्डा पडला आहे, हे त्यात दिसते. दात किती हलतो, हे दोन अवजारांच्या दांड्यांमध्ये धरून पाहतात. दात आडवा किंचित हलणे ही एक गोष्ट आणि दाबल्यावर वर-खाली होणे ही अगदी निराळी. पहिला दात बहुधा वाचतो, दुसरा बहुधा वाचत नाही. या सगळ्यांवरून आजाराचा टप्पा आणि त्याचा वेग ठरवतात. २०१७ मध्ये झालेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या जागतिक वर्गीकरणात टप्पे चार आहेत आणि वेगाच्या श्रेणी तीन. त्यात मधुमेह आणि एचबीए१सी ७ किंवा अधिक असलेल्या रुग्णाची गणना सर्वांत वेगवान श्रेणीत होते. आईंचा आकडा ८.९ आहे, हे ध्यानात ठेवा.

मधुमेह आणि हिरड्या यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली राहिली की जंतूंशी लढण्याची आणि भरून येण्याची शक्ती कमी होते, सूज मात्र वाढते, त्यामुळे हाड लवकर जाते. उलट, हिरड्यांतली सततची सूज इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. हिरड्यांचा योग्य उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असे अनेक चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. हा आकडा लहान वाटेल, पण मधुमेहाच्या औषधांच्या जोडीला मिळणारा तो खरा लाभ आहे. म्हणून आईंच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनाही हिरड्यांविषयी सांगा. बहुतेक वेळा त्यांना कोणी सांगतच नाही.

आता शेजारणीच्या भीतीविषयी. ती भीती निराधार असली तरी ज्या अनुभवातून ती आली आहे, तो अनुभव खरा आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ या. खालच्या पुढच्या दातांमागे वर्षानुवर्षांचे कीटण साचले की ते सहा दातांच्या मागून एकसंध भिंतीसारखे पसरते. कधी कधी माझ्या अवजाराने त्याचा नखाएवढा तुकडा एकदम सुटून येतो, आणि त्याच्या आतल्या बाजूला दातांचे ठसे उमटलेले असतात. त्या भिंतीने आधीच सैल झालेले दात एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. भिंत गेली की दात हलताना जाणवतात, आणि जिभेला नवी फट लागते. दात त्या दिवशी सैल झाले नाहीत. ते कधीचे सैल होते, ते त्या दिवशी उघडकीला आले. ती भिंत ठेवली तर तिच्या आडोशाने उरलेले हाडही जाईल. उपचारानंतर सूज ओसरते तसे किंचित हलणारे दात काही आठवड्यांत पुष्कळदा घट्टही होतात. अवजाराच्या कंपनाने दातांचे कवच झिजते, हा आणखी एक समज आहे; अल्ट्रासॉनिक अवजाराचे टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा किंवा त्याहूनही अधिक थरथरते, पण योग्य कोनात धरले तर ते कीटण सुटे करते, दाताला इजा करत नाही.

मात्र आईंना ‘दात साफ करणे’ पुरणार नाही, अशी माझी अटकळ आहे. वरून दिसणारे पिवळे कीटण काढणे वेगळे आणि खिशाच्या आत मुळाला चिकटलेले काळपट, हिरवट कीटण काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला खोल सफाई म्हणू या. ती हिरडी बधिर करून, दोन ते चार बैठकांमध्ये, हाताच्या बारीक अवजारांनी आणि अल्ट्रासॉनिकने केली जाते, आणि तिला वेळ लागतो. वीस मिनिटांत अख्खे तोंड साफ झाले, तर ते काम झालेले नाही असे समजावे. मधुमेही रुग्णाने सकाळची वेळ घ्यावी, न्याहारी आणि नेहमीची औषधे घेऊनच यावे. उपाशीपोटी येऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये, फक्त आधी सांगावे. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर उपचाराच्या आधी प्रतिजैविकाची एक मात्रा लागते. तेही आधीच सांगावे.

खोल सफाईनंतर काय होईल, हे मी रुग्णाला आरसा हातात देऊन आधीच सांगते, कारण न सांगितल्यास याच गोष्टी तक्रारी बनून परत येतात. सूज उतरल्यामुळे हिरडी आक्रसेल, दात लांब दिसतील, दातांमध्ये काळ्या त्रिकोणासारख्या फटी दिसतील. काही आठवडे थंड पाण्याने दात शिवशिवतील; त्यासाठी संवेदनशील दातांची पेस्ट पुरते. या फटी उपचाराने पाडलेल्या नसतात. त्या सुजेने झाकलेल्या होत्या.

साधारण तीन महिन्यांनी पुन्हा सगळे मोजायचे. इथेच पहिल्या तक्त्याचे मोल कळते. ७ चे ४ झाले असतील आणि रक्त येत नसेल, तर ती जागा जिंकली. जिथे अजून ६ किंवा अधिक आहे, तिथे हिरडी बाजूला करून, मुळे डोळ्यांनी पाहून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया विचारात घेतात. मुळालगत अरुंद खड्डा असेल तर त्यात हाडाची पूड आणि पडदा घालून काही प्रमाणात आधार परत मिळवता येतो; हाड सगळीकडे सपाट उतरले असेल तर ती पूड घालून उपयोग नाही, आणि तसे कोणी सुचवले तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. साखर आटोक्यात नसताना आणि तंबाखू चालू असताना मी अशी शस्त्रक्रिया करत नाही, कारण ती भरून येत नाही आणि रुग्णाचे पैसे वाया जातात. खालचे हलणारे दात मागच्या बाजूने बारीक तारेने किंवा तंतूच्या पट्टीने एकत्र बांधता येतात. चावताना त्याने मोठा दिलासा मिळतो.

एखाद-दुसरा दात काढावा लागेल, हे शक्य आहे, आणि ज्याचे हाड टोकापर्यंत गेले आहे तो दात काढणेच योग्य असते. पण सगळे दात काढण्याचा सल्ला मला मान्य नाही, निदान मापे पाहिल्याशिवाय नाही. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते. खालची कवळी तर सपाट जबड्यावर टिकतच नाही, भाकरी चावताना उचलली जाते. चोपन्नाव्या वर्षी कवळी म्हणजे पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या झिजणाऱ्या हाडावर काढायची. स्वतःचे सहा पक्के दात राखता आले, तरी त्यांच्या आधाराने बसवलेली अर्धी कवळी पूर्ण कवळीपेक्षा कितीतरी बरी बसते. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात, बसवले तरी हिरडीचा आजार त्याच्याभोवतीही होतो, त्यामुळे आजार न निस्तरता स्क्रू बसवणे धोक्याचे आहे.

औषधांविषयी थोडक्यात. गोळ्या घेऊन पायरिया बरा होत नाही. जीवाणूंचा थर जागेवर असताना प्रतिजैविक त्याच्या आत पुरेसे पोचत नाही. गळू झाले असेल, ताप असेल किंवा तरुण वयातला झपाट्याचा प्रकार असेल तेव्हाच, आणि सफाईच्या जोडीला, ते दिले जाते. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची गुळणी दोन आठवडे घ्यायला हरकत नाही. त्याहून जास्त घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते, आणि पेस्ट व गुळणी यांत अर्धा तास तरी अंतर हवे. कोमट मिठाच्या पाण्याने आराम वाटतो, तो घ्यावा. तुरटीने हिरडी आक्रसते आणि रक्त थांबल्यासारखे वाटते, पण खिशातले कीटण तिथेच राहते. राखुंडी आणि विटकरीची पूड यांनी दात झिजतात. कडुलिंबाच्या काडीला माझा विरोध नाही, पण दोन दातांमध्ये ती पोचत नाही, आणि हा आजार सुरू होतो तो बहुधा तिथेच.

म्हणून घरच्या कामाचा खरा भर दोन दातांमधल्या जागेवर असावा. ब्रश मऊ घ्यावा, त्याचे केस हिरडीच्या कडेकडे तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवावेत आणि जागच्या जागी हलके थरथरवावेत. जोरात आडवे घासल्याने मुळे झिजतात. आईंच्या दातांत आता फटी आहेत, त्यामुळे त्यांना दोऱ्यापेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे बारीक इंटरडेंटल ब्रश सोयीचे पडतील. फटीनुसार त्यांचे आकार वेगवेगळे असतात, ते दवाखान्यात ठरवून घ्यावेत. पहिल्या आठवड्यात रक्त येईल. त्यामुळे थांबू नये. रक्त येते तिथेच त्या ब्रशची गरज असते. रात्री झोपण्यापूर्वीची दहा मिनिटे तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात, तर ही सवय लागते, असा माझा अनुभव आहे.

मिश्रीविषयी मी कठोरपणे बोलणार नाही, कारण ती सोडणे सोपे नाही आणि चाळीस वर्षांची सवय ओरडून जात नाही. ती बहुधा दाढदुखीवर उपाय म्हणून कोणीतरी मोठ्या बाईने हातावर ठेवलेली असते, आणि मग ती लावल्याशिवाय सकाळ होत नाही. पण ती निकोटीन असलेली तंबाखू आहे, तोंडाच्या कर्करोगाचे ते एक कारण आहे, आणि ती चालू राहिली तर वरील सगळ्या उपचारांचा परिणाम कमी होतो. आधी दुपारची बंद करावी, मग रात्रीची, शेवटी सकाळची. गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगम घ्यावे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी निःशुल्क आहे. एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा: मिश्री सुटल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून पुन्हा रक्त येऊ लागेल. पुष्कळ बाया तेव्हा घाबरून परत मिश्रीकडे वळतात. ते रक्त हिरडीचा प्रतिसाद परत आल्याची खूण आहे, आणि सफाई चालू ठेवली की ते थांबते, या वेळी खऱ्या कारणाने. मिश्री ठेवायच्या जागी पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर मात्र हिरड्यांचे सगळे बाजूला ठेवून ती आधी दाखवा.

रक्तदाबासाठी आई ॲम्लोडिपिन घेत असतील तर तेही सांगा, कारण त्याने काहींच्या हिरड्या वाढतात आणि औषध बदलण्याचा विचार त्या डॉक्टरांना करावा लागतो. शिवाय हिरड्या अचानक, काही दिवसांत फुगून न थांबणारे रक्त येऊ लागले, सोबत अंगावर निळे डाग, ताप, थकवा असेल, तर त्याच दिवशी रक्ताची संपूर्ण तपासणी करावी. रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी हिरडीत दिसते. तुमच्या वर्णनात तसे काही नाही.

कुठे जावे, तर परिदंतशास्त्रात, म्हणजे हिरड्या आणि दातांच्या आधाराच्या शास्त्रात, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या तज्ज्ञाकडे. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तिथे वेळ लागला तरी काम निगुतीने आणि अल्प दरात होते. पहिल्या भेटीत एवढेच म्हणा: ‘सहा ठिकाणची मापे असलेला तक्ता आम्हाला हवा आहे, आणि त्याची एक प्रत आमच्याकडे द्या.’ मोबाइलवर त्याचा फोटो ठेवा. तीन महिन्यांनी त्याच्याच शेजारी दुसरा ठेवायचा आहे. उपचार पूर्ण झाल्यावरही दर तीन-चार महिन्यांनी देखभालीची भेट लागेल, आणि ती आयुष्यभर लागेल, हे आईंना आताच सांगा.

आईंची मापे घेऊन झाली की त्याच खुर्चीत तुम्हीही बसा. हा आजार वेगाने वाढण्याचा कल घराण्यात चालू शकतो, आणि पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की तुमच्या ब्रशलाही अधूनमधून लाल लागते.